पुण्याचं ॲव्हरेज

नागपूरच्या माणसाने पुण्याविषयी काही बरं लिहायला घेतलं की वाचकाला लगेच संशय येतो. म्हणून आधीच सांगून टाकतो, हे ते पुणं नव्हे. मला म्हणायचंय ते मेल्यावर उपयोगी पडणारं पुण्य. पहिल्या पुण्यात राहणाऱ्यांना दुसऱ्याची गरज भासत नाही असं त्यांच्याच तोंडून ऐकलेलं आहे; पण तो वाद पुन्हा कधीतरी.

माझा प्रश्न साधा आहे. एखादं चांगलं काम करताना माणसाचे चार पैसे वाचले, तर त्या कामाचं पुण्य लागतं की नाही?

आपल्याकडे पुण्याची सांगड नेहमी खर्चाशी घातलेली आहे. अन्नदान, गोदान, देवळाला घंटा, घाटाला पायरी. जितका खर्च मोठा तितकं पुण्य मोठं, असा सरळ भाव आहे. उपासाचंच पाहा. उपास म्हणजे न खाणं. न खाण्याने वाण्याचं बिल कमी यायला हवं. पण साबुदाणा, शेंगदाणे, राजगिरा, खजूर आणि तूप यांच्या कृपेने एकादशी ही दशमीपेक्षा दुपटीने महाग पडते, आणि म्हणूनच ती घडली असं मनाला वाटतं. उलट कोणी म्हणाला, ‘मी बाजारात पायी जातो, त्यामुळे हवा स्वच्छ राहते आणि पेट्रोलही वाचतं,’ तर वाक्याच्या पहिल्या अर्ध्यापर्यंत तो सज्जन असतो आणि दुसऱ्या अर्ध्यात चिक्कू ठरतो.

हा प्रश्न माझ्या डोक्यात शिरला तो माझ्या साडभाऊंच्या ट्रकमधून.

साडू हे नातं मोठं विचित्र. ते रक्ताचं नसतं, मैत्रीचंही नसतं. एकाच दुकानातून उधारीवर माल नेलेल्या दोन गिऱ्हाइकांमध्ये जो जिव्हाळा असतो, तो साडवांमध्ये असतो. माझे साडभाऊ धरमपेठेत झेंडा चौकाच्या बाजूला राहतात. आजूबाजूच्या बंगल्यांचे फ्लॅट झाले तरी त्यांचा बंगला आणि मागचं अंगण अजून शाबूत आहे. धंदा बिछायतीचा. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायचं तर बिछायत म्हणजे मंडप, गाद्या, लोड, खुर्च्या, पातेली आणि नवरा-नवरीची ती सिंहासनं. अलीकडे ते जेवणाचंही कंत्राट घेतात. हा सगळा संसार वाहून न्यायला त्यांच्याकडे एक जुनी ४०७ आहे. तिच्यावर त्यांचं अतिशय प्रेम आहे. ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, हे एकदा चारचौघांत बोलूनही दाखवलं होतं.

आता लग्न म्हटलं की तळण आलं. पुऱ्या, भजी, जिलब्या, पापड. मांडव उतरल्यावर आचाऱ्याच्या कढईत जे काळपट, दाट आणि उदास तेल उरतं, ते डब्यांत भरून ४०७ मधून परत येई. एक दिवस साडभाऊंनी त्या डब्यांकडे पाहिलं, मग डिझेलच्या बिलाकडे पाहिलं, आणि न्यूटनने सफरचंदाकडे पाहिलं असेल तशा नजरेने माझ्याकडे पाहून म्हणाले, ‘‘अहो, जे तेल गाडी वाहून आणते, त्याच तेलावर गाडी चालली तर?’’

कल्पना तशी नवी नव्हे. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, आणि ते इतकं सुरळीत चाललं की फार थोड्या लोकांच्या लक्षात आलं. खुद्द रुडॉल्फ डिझेलने ही हकीकत पुढे नोंदवून ठेवली. वनस्पतींच्या तेलांना पुढेमागे महत्त्व येईल असं तो १९१२ साली सांगत होता. १९१३ साली तो बोटीवरून नाहीसा झाला आणि त्याचं इंजिन कायमचं खनिज तेलाच्या नादी लागलं. आपल्याकडेही २००३ साली नियोजन मंडळाच्या समितीने जैवइंधनाचा आराखडा मांडला, आणि कुंपणाला लावायची चंद्रज्योत एकाएकी देशाचं भवितव्य झाली. २००९ च्या धोरणात २०१७ पर्यंत वीस टक्के जैवइंधन मिसळायचं ठरलं. २०१८ च्या धोरणात बायोडिझेलपुरतं ते पाच टक्क्यांवर आणि २०३० वर गेलं. चंद्रज्योत पुन्हा कुंपणावर गेली. आमच्या नागपुरात तर ऑगस्ट २०१४ मध्ये इथेनॉलवरची हिरवी बस धावली आणि २०१८ पर्यंत त्या बसगाड्या बंदही पडल्या. तेव्हा पर्यायी इंधन या विषयात आमच्या गावाला अनुभव आहे. सुरुवातीचा अनुभव तर दांडगा आहे.

पण साडभाऊ धोरण आखणारे नव्हेत, मांडव घालणारे आहेत. मांडव घालणाऱ्याला मुहूर्त चुकवता येत नाही. त्यांनी तेलतंत्रज्ञान शिकलेले एक निवृत्त गृहस्थ गाठले. नागपुरात हे कठीण नाही. कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी आपली संपत्ती शिक्षणासाठी ठेवली आणि त्यातून १९४२ साली अमरावती रोडवर जी संस्था उभी राहिली, तिथे पिढ्यानपिढ्या लोक तेल या विषयात पारंगत होऊन बाहेर पडतात. धरमपेठेत दगड मारला तर तो एखाद्या केमिकल इंजिनिअरला लागण्याची बरीच शक्यता असते.

त्या गृहस्थांनी कृती सांगितली. तेल गाळायचं. तापवून त्यातलं पाणी घालवायचं. ते किती आंबट झालंय ते तपासायचं. मग शंभर लिटर तेलाला सुमारे वीस लिटर मेथॅनॉल आणि त्यात विरघळवलेला थोडा कॉस्टिक. साठ अंशांच्या आत ठेवून तासभर ढवळायचं, कारण पासष्टाच्या आसपास मेथॅनॉल उकळून निघून जातं. रात्रभर ठेवलं की खाली गडद ग्लिसरीन बसतं आणि वर येतं ते बायोडिझेल. ते पाण्याने धुवायचं. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवायचं. मग वाळवायचं.

‘‘हे तर श्रीखंडासारखंच आहे,’’ साडभाऊ म्हणाले. ‘‘बांधा, गाळा, घोटा.’’

‘‘श्रीखंडाने माणूस आंधळा होत नाही,’’ गृहस्थ म्हणाले. ‘‘मेथॅनॉल थोडं जरी पोटात गेलं तरी डोळे जातात, आणि ठिणगी पडली तर घर जातं.’’

ताई दाराआडून ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या आणि त्यांनी दोन वाक्यांत निकाल दिला. हे अंगणात होणार नाही. आणि बिछायतीच्या एकाही पातेल्याला यातलं काही लागता कामा नये. ज्वालाग्राही पदार्थांवर आणि स्फोटकांवर साऱ्या देशात नजर ठेवणारं केंद्रीय मुख्यालय आमच्या नागपुरातच, सेमिनरी हिल्सवर आहे. धरमपेठेतून स्कूटरला किक मारली की दहा मिनिटांत माणूस तिथे पोहोचतो. इतर गावांत काही उडालं तर कळवावं लागतं. आमच्याकडे साहेब आवाज ऐकूनच आले असते.

तेव्हा घरगुती बायोडिझेल घराबाहेर गेलं. वाडीला साडभाऊंचं गोदाम आहे, तिथे. मेथॅनॉलला परवाना लागतो. त्याचे कागद गोळा करण्यात एक उन्हाळा गेला. लोखंडी पिंपं आली, ज्वाला नको म्हणून विजेवर तापवायची सोय झाली, आणि पहिला घाण्यातला माल तयार झाला. रंग मधासारखा, वास भजीसारखा. गृहस्थांच्या सल्ल्याने पाच लिटरमागे एक लिटर हे आणि चार लिटर पंपावरचं डिझेल, असं मिश्रण ठरलं.

पहिल्या आठवड्यात गाडी तीनदा बंद पडली. बायोडिझेलचा एक गुण असा की ते टाकीतला वर्षानुवर्षांचा मळ विरघळवून वर काढतं. नवी सून घरात आल्याबरोबर माळा आवरायला घेते आणि सासूने वीस वर्षं दडवलेल्या वस्तू दिवाणखान्यात आणून ठेवते, तसं. तो सगळा मळ फिल्टरमध्ये येऊन बसला. मिस्त्रीने फिल्टर हातात धरून विचारलं, ‘‘भाऊ, गाडीले जुलाब दिला काय?’’ मग जुन्या रबरी नळ्या फुगल्या, त्या बदलल्या. डिसेंबरात पारा दहाच्या खाली गेला तेव्हा गोदामातल्या पिंपात लोण्यासारखं काहीतरी बसलेलं आढळलं. आचाऱ्याने पामतेल वापरलं होतं, आणि पामतेलाचं बायोडिझेल पंधरा अंशांच्या आसपासच थिजायला लागतं. आचाऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी, तू पाहुण्यांना काय खाऊ घातलंस, असा खडा सवाल टाकला, आणि तो एका ट्रकच्या वतीने टाकला गेला.

पण पुढे गाडी मार्गी लागली. काळा धूर कमी झाला. ॲव्हरेज किंचित उतरलं, कारण या तेलात डिझेलपेक्षा ताकद थोडी कमी असते. पण तेल घरचंच असल्यामुळे हिशेबाची बाजू वर राहिली. एक नवीन अडचण आली ती वासाची. ४०७ गल्लीत शिरली की मुलं घराबाहेर येत आणि निराश होऊन आत जात. एका लग्नात मांडवाचे बांबू उतरायच्या आत वरपक्षाने नाश्ता लागला का म्हणून विचारलं.

साडभाऊ मात्र आता पुण्यवान माणसासारखे दिसू लागले होते. बोलता बोलता ते तीन बोटं मोडून दाखवत. एक, परदेशातून येणारं तितकं तेल वाचलं. दोन, हवा सुधारली. तीन, आणि हे सर्वात मोठं, तळणीचं काळं तेल लोकांच्या पोटात जायचं थांबलं. तिसऱ्या बोटाला सरकारचाही आधार होता. वारंवार तापवलेल्या तेलात घातक संयुगं वाढत जातात. त्यांचं प्रमाण पंचवीस टक्क्यांपुढे गेलं की ते तेल खाण्यात वापरायचं नाही, हा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे, आणि अशा तेलाचं बायोडिझेल करा असं अन्नसुरक्षा प्राधिकरणही सांगतं. चौथ्या बोटाबद्दल, म्हणजे महिन्याला उरणाऱ्या पैशांबद्दल, साडभाऊ बोलत नसत. ते बोट नेहमी मिटलेलं असे.

जर्मनीतल्या कांट नावाच्या तत्त्वज्ञाने १७८५ साली नेमका हाच प्रश्न एका वाण्याच्या रूपाने उभा केला होता. वाणी अजाण गिऱ्हाइकालाही फसवत नाही, लहान पोरालाही त्याच भावाने माल देतो. का? तर त्यात धंद्याचं हित आहे म्हणून. मग त्याचा प्रामाणिकपणा हा सद्गुण म्हणायचा का? कांटसाहेबांचं उत्तर, वागणं बरोबर, पण त्याला नैतिक मोल नाही. आपली गीताही फळावर डोळा ठेवू नका असंच सांगते. पण कांटसाहेबांना संसार नव्हता आणि त्यांनी गोकुळपेठेच्या बाजारात कधी भाजी घेतलेली नव्हती. तिथे स्वार्थासाठी का होईना, तराजू सरळ धरणारा भेटला तर माणूस नैतिक मोल विचारत बसत नाही, पिशवी पुढे करतो. माझंही मत असंच झालं होतं की साडभाऊंचं मिटलेलं बोट मिटलेलंच राहू द्यावं. पुण्याला थोडा नफा सुटत असेल तर ते टिकतं तरी.

मग एका संध्याकाळी वाडी नाक्यावरचा आलूबोंडेवाला धरमपेठेत आला. मी ओसरीवर चहा घेत होतो.

‘‘मालक,’’ तो पायरीवर उभा राहून म्हणाला, ‘‘यंदा सीझनचं तेल नाही आलं जी.’’

तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं ते डबे कुठे जात होते. लग्नाचं काळं तेल आचाऱ्याच्या मार्फत अगदी स्वस्तात याच्या हातगाडीवर जाई. त्यात हा थोडं नवं तेल घाली आणि बोंडे तळी.

‘‘आता ते आम्ही गाडीत टाकतो,’’ साडभाऊ म्हणाले.

‘‘गाडीत? गाडी खाते काय जी ते?’’

‘‘तसं नाही खात. आधी गाळावं लागतं. तापवावं लागतं. औषध घालून घाण खाली बसवायची, मग धुवायचं, पाणी पार निवळ येईपर्यंत. नाहीतर पंप खराब होतो. इंजिन नाजूक असतं बाबा.’’

तो माणूस थोडा वेळ विचारात पडला. मग म्हणाला, ‘‘म्हणजे आमी गिऱ्हाइकाले देतो, ते गाडीले नाही चालत.’’

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. एखादी नवी माहिती नीट लक्षात ठेवावी म्हणून माणूस मोठ्याने उजळणी करतो, तसं तो बोलला. ओसरीवर बराच वेळ कोणी काही बोललं नाही. वाडी नाक्यावर गिऱ्हाईक कोण? गोदामांतले हमाल, आणि ट्रकचे ड्रायव्हर. त्यात साडभाऊंच्या ४०७ चा ड्रायव्हरही. म्हणजे एकाच कढईतलं तेल ड्रायव्हर आणि गाडी दोघांनाही जात होतं. फरक इतकाच की गाडीला द्यायच्या आधी ते सात पाण्यांनी धुतलं जाई.

‘‘नवीन डबा परवडत नाही जी,’’ तो म्हणाला. ‘‘भाव वाढवला तर हमाल खात नाही. नाही वाढवला तर मी खात नाही.’’

आता सांगा, वाचकहो, याला काय म्हणायचं? ते तेल त्याला परत द्यावं असं कोणी म्हणणार नाही. ते पोटात जाऊ नये हेच योग्य. साडभाऊंची तीन बोटं अजूनही खरी होती. पण त्या तीन बोटांचं पुण्य उभं राहिलं होतं ते या माणसाच्या गल्ल्यावर, आणि त्याला कोणी विचारलेलंही नव्हतं. हवा शहराची सुधारली, तेल देशाचं वाचलं, पैसे धरमपेठेत उरले आणि खर्च वाडीला पडला. आपण ट्रकचं ॲव्हरेज काढतो तेव्हा टाकीत किती लिटर गेलं ते बघतो. ते कोणाच्या कढईतून आलं याचा काटा कुठल्याच गाडीत बसवलेला नसतो. काम चांगलं की वाईट, आणि हेतू शुद्ध की अशुद्ध, यावर आपण रात्री जागवतो. पण त्या चांगल्या कामाचं बिल कोणाच्या नावावर फाटलं, हे पाहायला दिवसाउजेडीसुद्धा कोणी जात नाही. कांटसाहेबांनी वाण्याच्या मनात डोकावून पाहिलं, हे चांगलंच केलं. त्या दुकानाच्या मागच्या दाराशी कोण उभं होतं, तेही पाहायला हवं होतं.

चहाचे कप उचलायला ताई बाहेर आल्या. ‘‘दर महिन्याला किती उरतात हो?’’ त्यांनी विचारलं.

साडभाऊंनी नाइलाजाने चौथं बोट उघडलं. आकडा सांगितला.

‘‘मग त्यातून याला ताज्या तेलाचे डबे द्या. जुन्या तेलाच्या भावात. आणि त्याचं तळून झालेलं तेल, काळं व्हायच्या आत, तुम्ही परत घ्या. तुमच्या पिंपात तेवढीच भर.’’

साडभाऊंनी मनातल्या मनात हिशेब केला. त्यांच्या चेहऱ्यावरून तो मलाही दिसत होता. ‘‘अगं, पण मग मला उरलं काय?’’

‘‘पुण्य,’’ ताई म्हणाल्या. ‘‘तुम्हीच तर म्हणत होतात.’’ आणि कप घेऊन आत गेल्या.

हे सगळं अगदी आदर्श रीतीने पार पडलं असं मी म्हणणार नाही. साडभाऊंनी डबे दिले, पण ताईंनी सांगितले त्यापेक्षा एक कमी. आलूबोंडेवाल्याने तेल परत दिलं, पण ठरल्यापेक्षा जरा उशिरा आणि जरा काळं. म्हणजे दोन्ही बाजूंनी माणसांसारखाच व्यवहार झाला. साडभाऊंच्या वहीत आता ‘इतर’ नावाचा एक रकाना आहे. त्यात दर महिन्याला एक आकडा पडतो, आणि तो लिहिताना ते पेन अंमळ जोरात दाबतात. उरतं ते थोडंसंच. तरीही गाडी चालू आहे. का चालू ठेवलीत, असं मी विचारलं तर म्हणाले, ‘‘पिंपं घेऊन ठेवली आहेत ना!’’ कांटसाहेबांनी हे उत्तर नापास केलं असतं. मी पास करतो. चांगलं काम सुरू व्हायला बचत पुरते आणि ते पुढे रेटायला गुंतवलेली पिंपं पुरतात. शुद्ध हेतूची वाट पाहत बसलो असतो तर नाक्यावर अजून तेच काळं तेल उकळत राहिलं असतं. फक्त मधे कोणीतरी कप उचलायला येऊन आकडा विचारावा लागतो.

अलीकडेच ४०७ चा ड्रायव्हर भेटला. मी मोठ्या अपेक्षेने त्याला विचारलं, ‘‘काय, नाक्यावरचे आलूबोंडे आता कसे असतात?’’

त्याने तोंड वाकडं केलं. ‘‘चांगले असते,’’ तो म्हणाला. ‘‘पण पयलेची चव नाही राह्यली, साहेब.’’